नौपाड्यातल्या दुकानाला रॅम्प कसा बसवू?

प्रश्न: गोखले रोडला आमचं कापडाचं दुकान, नूतनीकरण काढलंय. दारात तीन पायऱ्या, एकूण ४५ सेंमी. गुडघे धरून खालूनच परत फिरणाऱ्या आज्या बघवत नाहीत. ठेकेदार म्हणतो, दोन मीटरचा उतार पुरे. खरं का?

उत्तर १: नाही हो! उतार १:१२ हवा, म्हणजे एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी; तुमच्या ४५ सेंमीला ५.४ मीटर. दोन मीटरवर व्हीलचेअर मागे कलंडेल. दोन्ही बाजूंना कठडा आणि फरशी खरबरीत घ्या. पावसात गुळगुळीत ग्रॅनाइटवर माणसं आपटतात.

उत्तर २: दादा, फुटपाथवर उतरवू नका, तो चालणाऱ्यांचा. पाटीही बदलताय ना? मराठी अक्षरं देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नकोत.

प्रश्नकर्ता: मग उतार आतच वळवून घेतो. शोकेस अर्धी गेली तरी चालेल.