मदत हवी आहे: सायकलच्या डाव्या क्रँकचे (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) आटे गेले, आता क्रँक काढू कसा?

सायकल जुनी, चौकोनी टोकाचा अ‍ॅक्सल, अ‍ॅल्युमिनियमचे १७० मिमी क्रँक. १६५ मिमीचे बसवायचे आहेत. उजवा क्रँक पुलरने (क्रँकच्या आट्यांत बसवून तो ओढून काढायचं हत्यार) सहज निघाला. डाव्या बाजूला मात्र चूक माझीच झाली: १४ च्या सॉकेटने बोल्ट काढला, पण खालचा वॉशर आतच राहिला आणि पुलर जेमतेम तीन आटे बसलेला असताना मी जोर लावला. पुलर आटे घेऊनच बाहेर आला. वॉशर नंतर काढला. (पुलर २२ मिमीचाच आहे आणि आतली दांडी पूर्ण मागे घेतली होती, त्यामुळे मापाचा प्रश्न नाही.)

त्यानंतर सांध्यात गंजतेल सोडून रात्रभर ठेवलं. लाकडाचा ठोकळा धरून मागून हातोडीने ठोकलं, पण जास्त ठोकायची भीती वाटते, कारण बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधला अ‍ॅक्सल आणि त्याची बेअरिंग) उत्तम आहे आणि तोच ठेवायचा आहे. क्रँक फुकट गेला तरी चालेल, अ‍ॅक्सल आणि बेअरिंग वाचायला हवेत. घरी व्हाइस किंवा ग्राइंडर नाही.

बोल्ट ढिला ठेवून सायकल चालवली की क्रँक आपोआप सुटतो असं ऐकलंय. त्याने अ‍ॅक्सलच्या चौकोनी कडा झिजतात का? की दोन पायांचा गिअर पुलर (मागून पायांनी पकडून ओढणारा) आणू? क्रँक आणि फ्रेममध्ये फट जेमतेम ८ मिमी आहे. तेवढ्यात त्याचे पाय मावतात का, कुणी करून पाहिलंय?