शुगर नॉर्मल आली म्हणून बाबानं गोळ्या सोडल्या, काय करू?

वावरवाला_यवतमाळ:
जूनमधे पेरणीच्या गडबडीत आशाताई घरी आली, बाबाचा फॉर्म भरला, टेपनं कंबर मोजली, उपकेंद्रात बोट टोचलं तर शुगर २६८. पीएचसीतून मेटफॉर्मिन भेटली. महिनाभर खाल्ली, परत पाह्यलं तर १३२, तवापासून बाबा म्हणते आता काऊन खाऊ, सवय लागते गोळीची. अन् परवा वावरात बाभळीचा काटा पायात रुतला, घरी येऊन चप्पल काढली त रक्त दिसलं, म्हणे दुखलंच नाई. हे शुगरचंच आहे का?

आरोग्यवाली ताई:
भाऊ, दुखलं नाई हेच भेवाचं आहे. शुगरनं पायाच्या नसा बधीर होतात, अन् जखम चिघळली तर बोट कापायची पाळी येते. आजच दवाखान्यात दाखवा, घरी हळद भरून बसू नका. १३२ आलं ते गोळीमुळंच आलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाई. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करून घ्या, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगरची सरासरी समजते. तो कंबर मोजायचा फॉर्म म्हणजे सीबॅक, शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कोणाले आहे ते पाह्यची प्रश्नावली, ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा भरतो आम्ही. या आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, पहिले १०० जिल्ह्यांत होता.

संत्रावाला:
कार्यक्रम चांगलाच आहे ताई, पण आमच्याकडं दहाच गोळ्या देते, म्हणे स्टॉक नाई, मंग १४ किलोमीटर जाऊन या, रोजी बुडते ते वेगळंच. अन् तपासणी भरदुपारी, तवा अख्खं गाव निंदणाले. घरी बुढ्या बायाच सापडतात, चाळीशीतल्या माणसाचा फॉर्म भरलेला मी त पाह्यला नाई. बाजाराच्या दिवशी सकाळी मशीन घेऊन बसा ना, लाइन लागते का नाई पाहा.

आरोग्यवाली ताई:
बाजाराचं खरं आहे भाऊ, मीटिंगमधे काढते. गोळ्या महिनाभराच्या मागत जा, लाजू नका.

वर्धेची सून:
माह्या सासऱ्यानं भात सोडला, अन् वावरात सहा वेळा गोड चहा चालूच! भाकर-वरण-भाजी खाऊ द्या, चहातली साखर पहिले मोजा.

वावरवाला_यवतमाळ:
पाय दाखवला. काट्याचं टोक आतच होतं, काढलं, ड्रेसिंग केलं. गोळी परत सुरू. चहावरून घरात भांडण चालू आहे.