लहान मुलांचा सारखा खोकला, घरघर, भरलेली छाती : तुमचे अनुभव सांगा

माझी लेक तीन वर्षांची आहे. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला आणि तेव्हापासून सर्दी, मग खोकला, मग छाती भरणं, जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत नाक गळायला सुरुवात. डॉक्टर म्हणतात शाळेत जायला लागलेल्या मुलांना वर्षातून आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणं अगदी नॉर्मल आहे, दिवसा ते पटतंही, पण रात्री तिच्या पाठीवर हात ठेवला की ती घरघर तळव्याला जाणवते आणि मग झोप उडते ती उडतेच. त्यात घरी येणारा प्रत्येक जण "अगं किती बारीक झाली ही" म्हणून जातो. मला औषधांची नावं नकोयत, ती ज्याची त्याची वेगळी. नेहमीचा खोकला कुठला आणि काळजीचा कुठला हे तुम्हाला कशावरून कळलं, ते सविस्तर लिहा प्लीज.

*

डोंबिवलीहून लिहितेय. मुलगा आता सात वर्षांचा. पहिल्या वर्षापासूनच सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी छातीत शिट्टीसारखा आवाज, नेब्युलायझर, एकदा तर ॲडमिट पण करावं लागलं. आमच्या डॉक्टरांनी बरेच दिवस दमा हा शब्द काढलाच नाही, कारण इतक्या लहान मुलांना जोरात फुंकून करायची टेस्ट जमत नाही, आणि फक्त व्हायरलमुळे घरघर होणारी बरीचशी मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत आपोआप त्यातून बाहेर येतात. त्यांनी मला वही घालायला लावली. खोकला रात्री येतो की पहाटे, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर येतो का, सर्दी नसतानाही येतो का, घरात कोणाला दमा-ॲलर्जी आहे का, असं सगळं. त्या वहीतून दिसलं की याचा खोकला पहाटेचा, पावसाळ्यात सगळ्यात जास्त, आणि नगरला आजोळी गेला की गायब! मग घरात शोधाशोध केली तर त्याच्या बेडला लागून असलेल्या कपाटामागची अख्खी भिंत ओलीने काळी पडलेली.

भिंतीचं काम केलं आणि रोजचा पंप, म्हणजे इनहेलर, सुरू झाला. आता पंप म्हटल्यावर सासूबाईंचा जीव वर-खाली, एवढ्याशा पोराला पंप, सवय लागेल वगैरे. पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आजी, पंपातलं स्टेरॉईड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं, तेच तोंडावाटे सिरप दिलं तर मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं आणि ते सगळ्या अंगात फिरतं, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. हे त्यांना जे पटलं ते आजतागायत, आता पंप घेतल्यावर त्याच आठवणीने चूळ भरायला लावतात. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावून पंप दाबल्यावर घाई करायची नाही, पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे, आतली झडप टिक-टिक हलताना दिसते. आणि स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की स्टॅटिक तयार होऊन औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. हे आम्हाला केमिस्टने नाही, एका नर्सने सांगितलं, तिचे उपकार.

*

बार्शी. मी वडील आहे, आमची केस जरा वेगळी म्हणून मुद्दाम लिहितो. मुलगी दोन वर्षांची असताना न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिकने उतरला, थोड्या दिवसांनी परत, मग परत. मधल्या काळात पूर्ण बरी अशी नव्हतीच, बारीक खोकला चालूच. सोलापूरला एका तरुण डॉक्टरांनी आधीचे सगळे एक्स-रे मागितले आणि एकाशेजारी एक लावून बघितले. दर वेळी उजवी बाजू आणि तीही खालचाच भाग. मग विचारलं, "कधी खाता खाता जोरात ठसका लागला होता का?" आम्ही दोघं गप्प. माझ्या आईला आठवलं, वेळ अमावस्येला शेतात पोरं शेंगा खात पळत होती तेव्हा ही एकदम काळीनिळी झाली होती, पाठीत थापट्या मारल्या, खोकली आणि परत खेळायला गेली. त्यामुळे कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

उजवीकडची श्वासनलिका जास्त रुंद आणि सरळ असते म्हणून गिळताना चुकलेली वस्तू बऱ्याचदा तिकडेच जाते. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, दिसतो तो त्याच्यामागे झालेला परिणाम. भूल देऊन दुर्बिणीने काढला, अर्धा दाणा, फुगून मऊ पडलेला, छोट्या बाटलीत घालून आम्हाला दाखवला. मी ती बाटली हातात धरून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. त्यानंतर तिला तसा खोकला झाला नाही. चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सीताफळ बिया न काढता, काहीही देऊ नका. कूट करून द्या, लाडू करून द्या. आणि खाताना खाली बसवा, कडेवर घेऊन पळापळ करत भरवू नका, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

*

लेस्टर, यूके. इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, छाती तपासून "व्हायरल आहे, पाणी पाजा" म्हणून घरी पाठवतात आणि आपल्याकडची सवय असल्यामुळे सुरुवातीला फार राग यायचा. मुलगा सव्वा वर्षाचा होता तेव्हा आरएसव्ही नावाच्या व्हायरसने ब्राँकिओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज) झाला, ऑक्सिजनवर होता, तिथेही अँटिबायोटिक दिलं नाही कारण व्हायरसवर ते चालतच नाही. खोकला मात्र तीन आठवडे टिकला, तोही टिकतो म्हणे.

*

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. मूळ प्रश्नातल्या ताईंना सांगते, आवाजापेक्षा श्वास मोजा. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, कपडा वर करून पोट-छाती पूर्ण एक मिनिट बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात चाललाय, त्याच दिवशी दाखवायचं. आणि श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे, दूध-पाणी ओढत नसेल, सुस्त पडलं असेल तर तसंच उचलून दवाखाना, रात्र असली तरी. आमच्याकडे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांना सुद्धा मणी सरकवून श्वास मोजायला शिकवलं होतं आणि त्यातून न्यूमोनियाने जाणारी पोरं वाचली. मग आपल्या हातात तर मोबाईलमध्ये घड्याळ आहे. आणि हो, न्यूमोनियाची पीसीव्ही लस आता सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला. चुकली असेल तर विचारून घ्या.

*

नागपूर. सिरपबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं किडनी निकामी झालेल्या अवस्थेत आमच्या शहरात आणत होते. साधा खोकला झाला म्हणून दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. आम्ही आईबापांनी रोज ते पेपरात वाचलंय, आजही कपाटातली बाटली हातात घेतली की आठवतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने स्पष्ट सांगितलंय, दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आत शक्यतो नाहीत. वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत मध पण नाही.

*

नाशिक, नाव न घालता लिहितेय कारण सासरी अजून हा विषय काढत नाहीत. आमच्या मुलाचा खोकला ना शिट्टीचा, ना घरघरीचा. नुसता बारीक, आठवड्यामागून आठवडे, आणि संध्याकाळी अंग कोमट. जेवायचा, पण वजन काट्यावर हलायचं नाही, आणि मला हीच गोष्ट खटकली. सर्दी-खोकल्याची मुलं मधल्या दिवसांत परत टुणटुणीत होतात, वजन भरून काढतात, हा होतच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं घरात मोठं कोणी खोकतंय का. आजोबा खोकत होते, बिडीचा खोकला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं आणि ते तपासलं. टीबी. आजोबांनाही निघाला.

सहा महिने औषधं, सगळी सरकारी, एक रुपया लागला नाही, धाकटीला काही नसतानाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या. पहिल्या दोन महिन्यांतच पोरगा भरला. आजोबा पण बरे आहेत, दोघं एकाच ताटात जेवतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला आणि वजन थांबलं असेल तर कृपया लाजेखातर थांबू नका, तपासणी मागून घ्या.

*

मी आजी, रत्नागिरी. आमच्यात बाळाला आंघोळ झाली की ओवा-वावडिंग निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायची पद्धत, माझ्या मुलांना मी दिली, नातवाला पण देत होते. त्याची छाती भरायला लागल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या धूर कसलाही असो, तो धूरच, त्या दिवसापासून बंद केली. संध्याकाळी डासांची कॉइल लावायचो तीही बंद, मच्छरदाणी आणली, उदबत्ती देवघराऐवजी अंगणात तुळशीपाशी. खोकला त्यानेच कमी झाला असं मी छातीठोक सांगणार नाही, त्याच सुमाराला पाऊसही संपला होता. तेलाचं मालीश मात्र चालू आहे, त्याला डॉक्टरीणबाईंची ना नाही.