वर्षभराच्या व्यायामानंतर वजन अडलंय, खाणं वाढवू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. वय ४१, उंची १७० सेंमी. वर्षापूर्वी वजन ९४ किलो होतं, आज ७८. आठवड्यातून ३ दिवस जिम, २ दिवस सकाळी पुण्यातली पर्वती टेकडी. सुरुवातीला १०३ पायऱ्यांत दोनदा कठडा धरून थांबायचो, आता सलग ५ फेऱ्या होतात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. हे वर्ष मला फार मोलाचं आहे, म्हणूनच विचारतोय.

गेले १० आठवडे वजन, कंबर आणि स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका, ७० किलो) तिन्ही जागच्या जागी. खाणं काट्यावर मोजतो: साधारण १७०० कॅलरी, प्रथिनं ९० ग्रॅम. रोजची एक पोळी कमी करून पाहिली, तर झोप उडाली आणि चिडचिड वाढली. थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून झालं, सगळं ठीक.

शाकाहारी आहे, अंडी चालतात. नोकरीमुळे झोप ६ तासांच्या वर जात नाही. फॅट बर्नर (चरबी घटवण्याच्या गोळ्या) नकोत.

ज्यांनी इतकं वजन उतरवून टिकवलंय त्यांनी सांगा: महिनाभर खाणं २१०० कॅलरीपर्यंत वाढवावं, की आधी व्यायामातच एक हलका आठवडा घ्यावा? आणि खाणं वाढवल्यावर तुमचं वजन किती चढलं, किती दिवसांनी थांबलं?