जुन्या गाडीच्या इंजिनाची खडखड शोधण्यासाठी सल्ला हवा आहे (ठाणे, घोडबंदर रस्ता)

प्रश्न:
माझ्याकडे २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी, टायमिंग चेनच्या (इंजिनातील झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या साखळीच्या) इंजिनाची छोटी गाडी आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या इंजिनाच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येतो. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी तो येत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये नेली की गाडी निर्दोष ठरते. मात्र गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की तो हमखास ऐकू येतो. एका गॅरेजने टायमिंग चेन बदलण्यास सुचवले आहे, तर दुसऱ्याने इंजिन खोलावे लागेल असे सांगितले आहे. १५ वर्षांची नोंदणी संपत आली असून पुढील ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून ही गाडी ठेवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. खर्च करण्यापूर्वी कारण निश्चित कसे करावे आणि गॅरेज कसे निवडावे?

प्रतिसाद:
चेन बदलण्यास तूर्त संमती देऊ नये. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो सैल पडला असेल, तर रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच, दाब तयार होईपर्यंतचे काही क्षण खडखड ऐकू येते, आणि ती न्यूट्रलमध्येही येते. तुम्ही वर्णन केलेला आवाज केवळ जोर लावल्यावर येतो, म्हणून माझा संशय दोन गोष्टींवर आहे: एक्झॉस्टवरचा (धुराच्या पाइपवरचा) सैल झालेला हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, किंवा इंजिनाचे नॉकिंग (इंधन चुकीच्या क्षणी आपोआप पेटून होणारी ठकठक).

या दोहोंतला फरक चढावरच कळतो. आवाज येताच टॅकोमीटरवर किती आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आहेत ते पाहावे (ही नोंद शेजारी बसलेल्या व्यक्तीने घ्यावी) आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा त्याच आरपीएमवर चढ चढून पाहावा. त्याच आकड्याला आवाज परत आला, तर पत्रा कंप पावतो आहे असे समजण्यास जागा आहे, कारण सैल पत्र्याला ठरावीक कंपनसंख्येलाच झणझणाट सुटतो. न्यूट्रलमध्ये तो का येत नाही, याचेही उत्तर यातच आहे: जोर लागला की इंजिन माउंटिंगवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेले असते त्यांवर) कलते, त्याबरोबर पाइपही सरकतो आणि पत्रा कशाला तरी टेकतो. याउलट, खालच्या गिअरमध्ये भार हलका होताच आवाज नाहीसा झाला, तर नॉकिंगचा विचार करावा. ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, चुकीचे स्पार्क प्लग किंवा प्रमाणाबाहेर तापणारे इंजिन ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

पत्र्याची तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी आणि तो मुठीने ठोकून पाहावा. त्याच वेळी कॅटालिटिक कन्व्हर्टरवर (धूर शुद्ध करणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या डब्यावर) रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. आतली सिरॅमिकची जाळी फुटली असेल, तर तुकडे खुळखुळतात. आवाज जड, खोल ठोक्यासारखा असेल, तर मात्र इंजिनातील बेअरिंग (फिरत्या भागांचे आधार) झिजले असण्याचा धोका असल्याने गाडी चालवू नये.

गॅरेजांची वागळे इस्टेटमध्ये कमतरता नाही, परंतु मी त्यांच्या नावापेक्षा एकच गोष्ट पाहतो: मेकॅनिक गाडीत बसून येऊरच्या चढावर येण्यास तयार आहे का? आवाज स्वतः न ऐकता खर्चाचा आकडा सांगणाऱ्याकडे मी गाडी सोपवणार नाही.

आणखी एक प्रतिसाद:
वरील मताशी सहमत आहे. फक्त सर्वांत आधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. थंड इंजिनात ते टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते आणि त्यामुळे नवेच दुखणे सुरू होण्याची शक्यता असते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ऑइलची पातळी योग्य आहे. दोन्ही गिअरमध्ये आवाज साधारण २२०० आरपीएमलाच येतो, आणि पुढच्या पाइपवरील पत्र्याचे एक भोक गंजून बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठे झालेले दिसले. मेकॅनिक म्हणतो की पत्राच काढून टाकू. ते योग्य आहे का?

प्रतिसाद:
तो काढू देऊ नका. त्या पत्र्यामुळेच आसपासच्या वायरी आणि रबरी भाग एक्झॉस्टच्या उष्णतेपासून सुरक्षित राहतात. भोकावर मोठा वॉशर बसवावा. तिथला पत्रा फारच खाल्ला गेला असेल, तर स्टेनलेस स्टीलचा होज क्लॅम्प पाइपभोवती आवळून पत्रा धरावा, आणि इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर तो पुन्हा एकदा आवळून घ्यावा. हे काम अगदी थोड्या खर्चात होते. त्याच वेळी इंजिन माउंटिंगचे रबर फाटले आहे का, हे मात्र आवर्जून पाहायला सांगा, कारण इंजिन प्रमाणाबाहेर कलत राहिले तर दुरुस्त केलेला पत्रा काही महिन्यांत पुन्हा सुटेल.