चौदा वर्षांनी सायकल: रोडबाईक की हायब्रिड?

तापीकाठचा: मंडळी, वय 48, मुक्काम अमळनेर. शेवटची सायकल चालवली तेव्हा पोरगी पहिलीत होती, आता कॉलेजात आहे. पहाटे पारोळ्यापर्यंत जाऊन यावं, एवढीच हौस. बजेट 50,000. दुकानदाराने 25 मिमी टायरची रोडबाईक दाखवली, म्हणजे पुढे वाकून चालवायची. बसलो, तर कंबर म्हणाली, भाऊ, उतर! सरळ हँडलची, ताठ बसायची हायब्रिड घेऊ का?

केळीबागवाला: उंची किती? फ्रेम कितीची दाखवली?

तापीकाठचा: 165 सेंमी. फ्रेम 56 सेंमीची.

केळीबागवाला: मग कंबरेचा काय दोष भो! तुम्हाला 50-52 लागेल. 56 वर हात लांबवूनच बसावं लागतं. दुकानात तीच शिल्लक असेल. रोडबाईकच घ्या, पण हँडल जरा उंच असलेली, एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याला आरामशीर) प्रकारातली. आणि 32 मिमी टायर बसतो का, ते आधी विचारा. मी 25 वर तीन महिने काढले. शेताच्या कडेने बाभळीचा काटा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब चिमटायची. बायको विचारायची, सायकल चालवता की ढकलता?

साक्रीकर: गियर हलके घ्या. पुढे 50 आणि 34 दातांची दोन चक्रं, मागे मोठं चक्र 32 दातांचं. रस्ता सपाट आहे म्हणाल, पण आमच्याकडे पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. येताना वारा समोरून असला की सपाटीचाच घाट होतो.

तापीकाठचा: रविवारी 52 वर बसून पाहिलं. कंबर गप्प. 32 चे टायर मागवलेत.