डिसेंबरातलं फुनाफुटी

'डिसेंबरात थंडी टाळायला तुवालू उत्तम, हवा कोरडी असते' हे प्रशांत महासागरातल्या या बेटांच्या देशाबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मात्र पटलं नाही. थंडी नसते हे खरं, पण कोरडी हवा? अहो, नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा पावसाळा आणि चक्रीवादळांचाही मोसम. आम्ही नाताळच्या आठवड्यात तिथल्या राजधानीत, फुनाफुटीला होतो, तीन दिवस छत्री हातातून सुटली नाही. कुरकुर करत होतो, पण ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी भलत्याच खूश. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून टाकीत पडायला लागलं की त्या टाकीवर टकटक करून बघायच्या, कुठवर भरली ते. प्रवाळबेटावर नदी नाही, विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे प्यायला पावसाचंच पाणी. 2011 साली पाऊस रुसला तेव्हा तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

आणखी एक, नाताळाला फिजीहून, न्यूझीलंडहून माणसं घरी परततात, आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात येतात तशी. विमानं मोजकी, तेव्हा तिकीट फार आधी काढा. आणि संध्याकाळी धावपट्टीवर जाच. 1943 मध्ये अमेरिकन सैन्याने बांधलेली ही पट्टी एरवी गावाचं मैदानच आहे, पोरं व्हॉलीबॉल खेळतात, कुणी चटई टाकून गप्पा मारत बसतं. विमान येणार असलं की भोंगा वाजतो, मग सगळे निवांतपणे बाजूला होतात.